आतलं आणि बाहेरचं वातावरण: स्ट्रॅटेजी ठरवायच्या आधी धंद्याचं अ‍ॅनालिसिस कसं करायचं

स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगचं काम पहिल्यांदा अंगावर आलं की बहुतेक जण लगेच कागदावर चार चौकोन काढतात, स्ट्रेंथ, वीकनेस, संधी, धोके अशी नावं टाकतात आणि मीटिंगमध्ये ज्याला जे सुचेल ते भरत जातात. तासाभरात तक्ता भरतो, सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं आणि नंतर वर्षभर त्या तक्त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हा चार चौकोनांचा, म्हणजे स्वॉटचा तक्ता वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीये, पण त्याची जागा शेवटी आहे. त्याच्या आधी बाहेर काय चाललंय ते शोधायचं, मग आत काय आहे ते तपासायचं, आणि मग या दोघांना एकमेकांशी जोडायचं, कारण निर्णय निघतो तो या जोडण्यातूनच. याच क्रमाने जाऊ.

पायरी १: कशाचं अ‍ॅनालिसिस करतोय ते आधी लिहा

एक ओळ पुरते. कुठला धंदा, कुठलं मार्केट, किती वर्षांचा विचार आणि कुठला निर्णय घ्यायचाय. समजा प्लॅस्टिकचं फूड पॅकिंग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे, तर त्याची ओळ अशी होईल: "पुढच्या पाच वर्षांत फूड पॅकिंगमध्ये कुठल्या मटेरियलवर पैसे लावायचे." ही ओळ नसेल तर जगातली प्रत्येक बातमी महत्त्वाची वाटायला लागते आणि यादी शंभर मुद्द्यांची होते. पुढे हाच कारखाना उदाहरणाला घेतो म्हणजे सगळं एका जागी समजेल.

पायरी २: आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कसोटी सोपी आहे, आपण उद्या ठरवलं तर ही गोष्ट बदलू शकते का? हो असेल तर आतली, नाही असेल तर बाहेरची. कच्चा माल महाग होतोय हे बाहेरचं. पण आपण सगळा कच्चा माल एकाच सप्लायरकडून घेतो हे आतलं, कारण दुसरा सप्लायर शोधायचा की नाही हे आपल्या हातात आहे. दोन्ही मुद्दे एकाच विषयातले वाटतात तरी त्यांच्या जागा वेगळ्या.

दुसरा गोंधळ संधीच्या बाबतीत होतो. "कागदी पॅकिंग सुरू करणे" ही संधी नाही, ती आपण करायची कृती झाली. संधी म्हणजे बाहेर घडणारी गोष्ट, जी आपण नसतो तरी घडलीच असती, उदाहरणार्थ "हॉटेलवाले आणि डिलिव्हरी कंपन्या कागदी डबे मागायला लागल्यात". कृती संधीच्या चौकोनात घुसली की निर्णय आधी झालेला असतो आणि अ‍ॅनालिसिस त्याच्या समर्थनासाठी केलं जातं. यादी तपासताना हे एवढं जरी काटेकोर पाळलं तरी अर्धी घाण निघून जाते.

पायरी ३: बाहेरचं, लांबून जवळ या

बाहेरून सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगेन. आतून सुरुवात केली तर लोक आपल्याला जे जमतं त्याच्यावरच प्रेम करत बसतात आणि मग बाहेर बघताना त्याला सोयीचं तेवढंच दिसतं.

सगळ्यात लांबचा थर म्हणजे राजकारण, अर्थव्यवस्था, समाज, टेक्नॉलॉजी, पर्यावरण आणि कायदा. यालाच पेस्टल म्हणतात. याचं मूळ रूप फ्रान्सिस अ‍ॅग्विलार यांनी १९६७ मध्ये मांडलं, त्यात आर्थिक, तांत्रिक, राजकीय आणि सामाजिक असे चारच कप्पे होते, कायदा आणि पर्यावरण नंतर जोडले गेले. कप्पे किती यावर वाद घालू नका, ते फक्त काही विसरू नये म्हणून आहेत. एखादा मुद्दा राजकारणात टाकायचा की कायद्यात यावर अर्धा तास घालवणाऱ्या टीम असतात, तो अर्धा तास फुकट जातो.

मुद्दा कसा लिहायचा हे मात्र खूप महत्त्वाचंय. "महागाई", "एआय", "पर्यावरण" असे एका शब्दाचे मुद्दे काहीच सांगत नाहीत. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: काय बदलतंय, किती वेगाने बदलतंय आणि आपल्या कुठल्या आकड्याला ते लागणार, म्हणजे विक्री, किंमत, खर्च, उधारी की माणसं. आकड्याला लागत नसेल तर तो मुद्दा खोडा, कितीही भारी वाटत असला तरी.

माहिती कुठून आणायची? सेंट्रल बँकेचे अहवाल, सरकारी आकडेवारी, बजेटची कागदपत्रं, आपल्या इंडस्ट्रीच्या संघटनांचे रिपोर्ट, लिस्टेड स्पर्धकांचे वार्षिक अहवाल (त्यातला रिस्कचा भाग तर नक्की वाचा, तिथे कंपन्या आपली भीती स्वतःच लिहून देतात), पेटंट, आणि स्पर्धक कुठल्या कामासाठी माणसं शोधतायत त्या नोकरीच्या जाहिराती. यातलं बहुतेक फुकट मिळतं.

आणि कायद्यांचे मसुदे. मोठे कायदे सहसा एका रात्रीत येत नाहीत. युरोपियन युनियनने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंबद्दलचा प्रस्ताव २०१८ च्या मे महिन्यात मांडला, २०१९ मध्ये तो निर्देश मंजूर झाला आणि प्लेट, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलसारख्या मटेरियलचे खाण्याचे डबे अशा वस्तूंवरची बंदी ३ जुलै २०२१ पासून लागू झाली. म्हणजे मसुदा वाचणाऱ्या कंपनीच्या हातात तीन वर्षं होती, आणि बंदीची बातमी पेपरात वाचून जागी झालेल्या कंपनीच्या हातात काहीच नव्हतं. आपल्या कारखान्यासाठी हा मुद्दा असा लिहायचा: "एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर निर्बंध वाढतायत, मसुदा ते अंमलबजावणी साधारण दोन-तीन वर्षं, आपल्या विक्रीतला थर्माकोल डब्यांचा जेवढा वाटा आहे तेवढी विक्री जाऊ शकते." हे वाचल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडतो, तो वाटा किती आहे. असा प्रश्न पडला म्हणजे मुद्दा बरोबर लिहिलाय.

यादी झाली की प्रत्येक मुद्द्याला दोन मार्क द्या, घडायची शक्यता किती आणि घडलं तर परिणाम किती. दोन्ही जास्त असतील ते वर घ्या. शक्यता सांगता येत नाही पण परिणाम प्रचंड आहे असे एकदोन मुद्दे उरतात, त्यांना अंदाज लावून मिटवू नका, त्यांच्यासाठी दोन-तीन वेगवेगळी भविष्यं लिहा. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक आणि त्यांच्या टीमने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं होतं. तेल स्वस्तच राहणार असं सगळे धरून चालले होते तेव्हा त्यांनी तेल उत्पादक देश पुरवठा आवळतील आणि भाव उसळतील हे चित्रही मॅनेजरांसमोर ठेवलं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत भाव साधारण चौपट झाले, बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होते ते बारा डॉलरच्या आसपास गेले. शेलला तारीख माहीत नव्हती, पण असं झालं तर काय करायचं याचा विचार त्यांचा आधीच झालेला होता.

पायरी ४: आपली इंडस्ट्री

आता जवळचा थर. इथे मायकेल पोर्टर यांचं १९७९ चं पाच बलांचं मॉडेल अजूनही सगळ्यात उपयोगी आहे असं मला वाटतं. त्यांचा प्रश्न साधा होता, या इंडस्ट्रीत तयार होणारा नफा कोण खाऊन जातो? आधीचे स्पर्धक, नवीन येणारे, पर्यायी वस्तू, ग्राहक की सप्लायर.

आपल्या कारखान्याला लावून बघू. गिऱ्हाईक तीन मोठ्या फूड कंपन्या असतील आणि निम्म्याहून जास्त विक्री त्यांनाच होत असेल तर भाव तेच ठरवतात, आपण फक्त सही करतो. प्लॅस्टिकचे दाणे देणाऱ्या पेट्रोकेमिकल कंपन्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या असतात, तेलाचा भाव वाढला की त्या दर वाढवतात, आणि आपल्याला तो खालच्या गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब. नवीन माणसाला या धंद्यात यायला काय लागतं? मशीन आणि जागा, दोन्ही विकत मिळतं, म्हणून अडथळा कमी. कागद, उसाच्या चोथ्याचे डबे, परत परत वापरायची भांडी हे पर्याय. इथे लोक चुकतात, पर्यायी वस्तूला स्पर्धक समजतात. स्पर्धक म्हणजे आपल्यासारखाच माल बनवणारा दुसरा कारखाना, पर्याय म्हणजे गिऱ्हाइकाचं तेच काम वेगळ्या रीतीने करणारी वस्तू, आणि मोठा धक्का बऱ्याचदा पर्यायाकडून येतो कारण आपण त्याच्याकडे बघतच नसतो.

अजून एक, इंडस्ट्रीची व्याख्या फार रुंद करू नका. "पॅकेजिंग" घेतलं तर काचेच्या बाटल्यांपासून खोक्यांपर्यंत सगळं आलं आणि पाचही उत्तरं "मध्यम" येतात. "फूड डिलिव्हरीसाठी एकदाच वापरायचे डबे" घेतलं की उत्तरं धारदार होतात.

स्पर्धकांचं काम इथेच उरकून घ्या: मुख्य तीन-चार जण, ते कशावर पैसे लावतायत, कुठे सोडून देतायत, आपलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे का गेलं. त्यासाठी तुमच्याकडून गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन करा, ते बरंच मोकळेपणाने बोलतात.

पायरी ५: आत बघा, पण पुराव्यासकट

"आमची टीम चांगली आहे", "क्वालिटी उत्तम", "ग्राहकांशी चांगले संबंध". ही तीन वाक्यं जवळपास प्रत्येक कंपनीच्या स्ट्रेंथमध्ये असतात, स्पर्धकाच्याही तक्त्यात हीच असणार. स्ट्रेंथ ही कायम कुणाच्या तरी तुलनेत असते. आपण माल पाच दिवसांत देतो ही स्ट्रेंथ आहे का ते स्पर्धक किती दिवसांत देतो हे कळल्याशिवाय सांगता येत नाही, तो तीन दिवसांत देत असेल तर आपली ती वीकनेस झाली. म्हणूनच बाहेरचं आधी करायचं.

आत बघायचं कसं, तर माल येण्यापासून गिऱ्हाइकाच्या तक्रारीपर्यंत कामाची साखळी कागदावर काढा. पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडलेली व्हॅल्यू चेन म्हणजे हेच, आत येणारा माल, उत्पादन, बाहेर जाणारा माल, मार्केटिंग-विक्री, सर्व्हिस, आणि या सगळ्यांना आधार देणारी खरेदी, माणसं, टेक्नॉलॉजी, ऑफिस-अकाउंट. प्रत्येक कडीवर दोन प्रश्न, इथे खर्च किती होतो आणि गिऱ्हाईक इथल्या कामासाठी जास्त पैसे देतं का. खर्च भरपूर आणि गिऱ्हाइकाला काही फरक पडत नाही अशी कडी सापडली की ती ठळक करा.

आकडे तर काढाच: एकूण नफा नको, प्रत्येक प्रॉडक्टचा आणि प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचा वेगळा मार्जिन काढा. मोठ्या गिऱ्हाइकाचा मार्जिन नीट काढला, म्हणजे त्याची उधारी, परत आलेला माल, घाईघाईतल्या डिलिव्हऱ्या सगळं धरून, तर चित्र पार बदलू शकतं. किती दिवसांनी पैसे येतात, किती माल पडून आहे, किती टक्के विक्री वरच्या तीन गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे, वर्षभरात किती अनुभवी माणसं सोडून गेली, तेही काढा. आणि मशीनवर, काउंटरवर, फोनवर काम करणाऱ्या माणसांशी एकेकट्याने बोला, साहेब समोर असताना कुणी वीकनेस सांगत नाही आणि खरी वीकनेस तर त्यांनाच माहीत असते.

यातून ज्या चांगल्या गोष्टी निघतील त्यांना चार प्रश्न लावा. ही चाळणी जे बार्नी यांच्या १९९१ च्या मांडणीतून आलेली आहे, तिला व्हीआरआयओ म्हणतात, चार प्रश्नांच्या इंग्रजी नावांची ती पहिली अक्षरं. ही गोष्ट गिऱ्हाइकाला उपयोगाची आहे का? इतरांकडे नाहीये का? नक्कल करायला अवघड आहे का? आणि आपली कंपनी तिचा फायदा घ्यायला तयार आहे का? नवीन मशीन पहिल्या प्रश्नात पास होतं आणि दुसऱ्यात नापास, कारण पैसे टाकले की तेच मशीन शेजाऱ्यालाही मिळतं. पंधरा वर्षांत तयार झालेलं पातळ प्लॅस्टिकवर थर चढवायचं कौशल्य मात्र पहिल्या तिन्ही प्रश्नांत पास होऊ शकतं. चौथा प्रश्न लोक विसरतात आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

कोडॅक आणि फुजीफिल्म, एकाच वादळात दोन कंपन्या

इथे जरा थांबू, कारण आतलं-बाहेरचं जोडणं म्हणजे नक्की काय ते फोटोची फिल्म बनवणाऱ्या या दोन कंपन्यांइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

डिजिटल फोटोग्राफी कोडॅकला कळलीच नाही असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला, ०.०१ मेगापिक्सेलचा, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद घेणारा. म्हणजे बाहेरचा बदल त्यांच्या घरातच जन्मला होता. पण कोडॅकची सगळी कमाई फिल्म, केमिकल आणि कागद यांच्यावर चालत होती, विक्रीची साखळी, कारखाने, लोकांची बढती सगळं फिल्मभोवती. टेक्नॉलॉजी होती, तिचा फायदा घ्यायला कंपनी तयार नव्हती, म्हणजे वरचा चौथा प्रश्न. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे विकले, चांगले विकले, पण कॅमेऱ्यात फिल्मसारखा मार्जिन कधीच नव्हता. केमिकलचा धंदा त्यांनी १९९४ मध्ये वेगळा काढला, औषधांचाही त्याच सुमारास विकला. २०१२ च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली.

फुजीफिल्मसमोर तोच धोका, तेवढाच मोठा. फिल्मची जगभरातली मागणी २००० च्या आसपास शिखरावर पोचली आणि मग कोसळली. कंपनीचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांच्या काळात फुजीफिल्मने स्वतःला विचारलं की फिल्म बनवताना आपल्याला नक्की काय काय यायला लागलं. उत्तर निघालं ते "फोटो" नव्हतं. फिल्ममध्ये लागणारं जिलेटिन कोलॅजनपासून, म्हणजे त्वचेतही असणाऱ्या प्रथिनापासून बनतं, म्हणून कोलॅजन कळतं, फोटोचा रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन थांबवणं कळतं, अतिशय पातळ थर एकसारखे चढवणं कळतं, सूक्ष्म कण सांभाळणं कळतं. मग हीच यादी घेऊन ते बाहेर बघायला लागले, या गोष्टींची गरज अजून कुणाला आहे? एलसीडी स्क्रीनला लागणारी खास फिल्म त्यांना बनवता येत होतीच, टीव्ही आणि मॉनिटर सपाट होत चालले होते, तिथे त्यांनी मोठे पैसे लावले. कोलॅजन आणि ऑक्सिडेशनचं ज्ञान घेऊन २००७ मध्ये अ‍ॅस्टालिफ्ट नावाची स्किनकेअर आणली. २००८ मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी ताब्यात घेतली. फिल्मचे कारखाने आणि माणसंही कमी केली, ते दुखणं त्यांनाही चुकलं नाही.

दोन्ही कंपन्यांच्या धोक्यांच्या चौकोनात एकच ओळ असती, "डिजिटलमुळे फिल्म संपतेय". फरक पडला तो आतली यादी कुठल्या पातळीवर लिहिली त्याने. प्रॉडक्टच्या पातळीवर स्ट्रेंथ लिहिली तर प्रॉडक्ट मेल्यावर स्ट्रेंथही मरते, कौशल्याच्या पातळीवर लिहिली तर ती दुसरीकडे नेता येते. आपल्या कारखान्यानेही "आम्ही डबे बनवतो" लिहायच्या ऐवजी "आम्हाला अन्नाला चालेल असा, गळणार नाही असा थर एकसारखा चढवता येतो" असं लिहिलं पाहिजे, कारण कागदी डब्यालाही आतून तसा थर लागतोच.

पायरी ६: आता ते चार चौकोन, आणि जोडणी

आता स्वॉट भरा, प्रत्येक चौकोनात जास्तीत जास्त पाच मुद्दे, त्याहून जास्त असतील तर निवड झालेली नाही. मग हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ मध्ये सुचवलेली टोज पद्धत वापरा, म्हणजे चौकोन एकमेकांसमोर ठेवून वाक्य तयार करा. वाक्याचा साचा असा: "बाहेर हे घडतंय, आपल्याकडे हे आहे किंवा नाही, म्हणून आपण हे करू."

कारखान्यासाठी चार वाक्यं बघा. स्ट्रेंथ आणि संधी: कागदी डब्यांची मागणी वाढतेय, थर चढवायचं कौशल्य आपल्याकडे आहे, म्हणून एक लाइन कागदाकडे वळवू. स्ट्रेंथ आणि धोका: निर्बंध येतायत, फूड कंपन्यांच्या क्वालिटी टीमशी आपली थेट ओळख आहे, म्हणून त्यांच्या नवीन मटेरियलच्या ट्रायलमध्ये आत्ताच शिरू. वीकनेस आणि संधी: मागणी आहे पण कागद खरेदीचा आपल्याला अनुभव शून्य, म्हणून तो अनुभव असलेला माणूस आधी घेऊ, मशीन नंतर. वीकनेस आणि धोका: थर्माकोलची लाइन तोट्यात आहे आणि बंदीही तिच्यावरच येणार, म्हणून ती दोन वर्षांत बंद करू, तिच्यावर एक पैसाही नवीन लावायचा नाही.

शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जड जातं. काय बंद करायचं हे अ‍ॅनालिसिसमधून निघालं नाही तर शंका घ्या, बहुतेक कुणाला तरी दुखवायचं नाही म्हणून वीकनेस गुळमुळीत लिहिलेली असते, ती परत काढा आणि आकडा टाकून लिहा.

पायरी ७: निवडा आणि खुणा ठरवा

दहा-बारा वाक्यं तयार होतील, त्यातली तीन किंवा चार घ्या. प्रत्येकाला एक माणूस, एक आकडा, एक तारीख. आणि त्याच्याखाली ते कुठल्या गृहीतकावर उभं आहे ते लिहा, उदाहरणार्थ "कागदाचा भाव आत्ताच्या दीडपटीच्या वर जाणार नाही". मग ते गृहीतक मोडतंय हे कळायची खूण ठरवा आणि ती खूण कोण बघणार ते नावानिशी लिहा. इंडस्ट्री आणि स्पर्धकांचा भाग दर तीन महिन्यांनी बघा, पेस्टल आणि आतली यादी वर्षातून एकदा पूर्ण नव्याने. पण खूण दिसली, म्हणजे कागदाचा भाव दीडपटीच्या वर गेला किंवा नवीन मसुदा आला, की तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात लोकांना बोलवा आणि त्या गृहीतकावर उभी असलेली वाक्यं परत तपासा, बाकीच्यांना हात लावू नका.